‘सगळ्यांकडे आहेत तसले’ शूज घेण्याआधी

सहावी-सातवीतलं पोर "सगळ्यांकडे आहेत" म्हणालं, की त्या सगळ्यांची नावं विचारा. चार-पाचच निघतात. पण वर्ग ज्यांच्याकडे बघतो ते बहुधा हेच चार-पाच असतात, त्यामुळे मागणी हसण्यावारी नेऊन चालत नाही. पुढचा प्रश्न जास्त कामाचा: त्यांच्याकडे नेमके कसले आहेत? "नाइकीचे" या उत्तरावर थांबू नका. जाड पांढऱ्या सोलचा, आखूड गळ्याचा, म्हणजे एअर फोर्स वनसारखा? घोट्यापर्यंत येणारा, जॉर्डन वनसारखा? चपट्या सोलचा, कडेला तीन पट्टे आणि पुढे सुएडचा (मखमली पोताच्या कातड्याचा) तुकडा, म्हणजे आदिदासचा सांबा? की जाळीचा, चंदेरी-पांढरा न्यू बॅलन्स ५३०? लांबून नजरेत भरतो तो आकार. लोगो जवळ आल्यावर दिसतो. आकार बरोबर असला तर ब्रँड साधा असूनही मूल घोळक्यात खपून जातं. आकार चुकला तर महागडा ब्रँडही "हे काय घातलंय?"मध्ये जातो. बापाला आवडलेले सहा हजारांचे रनिंग शूज मुलाने एकदाच घालून कोपऱ्यात टाकले, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

शूज दिसणार कुठे, हेही आधी ठरवा. आपल्याकडच्या बहुतेक शाळांत गणवेशाचे काळे बूट आणि पीटीला पांढरे, एवढंच चालतं. मग फॅशनचे शूज उरतात क्लासला, सोसायटीत खाली, वाढदिवसाला, सहलीला आणि गॅदरिंगला. आठवड्याचे मोजके तास. शाळेत पीटीला पूर्ण पांढरे चालत असतील तर एका जोडीत दोन कामं होऊ शकतात, पण सोल, लेस, लोगो सगळं पांढरं हवं, आणि घेण्याआधी पीटीच्या सरांना विचारलेलं बरं. काही शाळांत एक रंगीत रेघही चालत नाही.

पैसे किती घालायचे हे पाय ठरवतो

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. त्यातल्या दोन गोष्टी पालकांच्या थेट उपयोगाच्या आहेत. एक, आपले पाय सरासरीने युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात. दोन, मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या आसपास शिगेला पोहोचते, मुलांची पंधरा-सोळाव्या.

म्हणजे सातवीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा यांच्यासाठी एकच हिशोब लागू होत नाही. तेरा वर्षांच्या मुलीचा पाय बऱ्यापैकी स्थिरावलेला असतो. गेल्या दोन खरेद्यांत नंबर बदलला नसेल तर तिच्या ओरिजिनल जोडीवर खर्च करायला हरकत नाही, ती दोन वर्षं निघेल. बारा वर्षांच्या मुलाचा पाय मात्र भर वाढीत असतो. उंचीच्या आधी पाय वाढतो, म्हणून या वयात पोरं फताड्या पायांची दिसतात. त्याच्या आठ हजारांच्या जोडीचं आयुष्य सहा महिनेसुद्धा असू शकतं. त्याला दोन हजारांच्या आतला, योग्य आकाराचा देशी ब्रँड घ्यावा आणि दर तीन महिन्यांनी पाय मोजावा. घरी मुलगा-मुलगी दोघं असतील तर "तिला का महागाचे?" हे भांडण होणार. तेव्हा मापाचा कागदच पुढे ठेवा.

माप घ्यायचं ते संध्याकाळी. दिवसभरात पाय थोडा फुगतो, सकाळी घेतलेलं माप कमी भरतं. मुलाला त्या शूजबरोबर जे मोजे घालणार तेच घालायला सांगा. फरशीवर, भिंतीला टेकवून कोरा कागद ठेवा, टाच भिंतीला लागू द्या, वजन दोन्ही पायांवर. बसून घेतलेलं माप उपयोगाचं नाही, कारण उभं राहिल्यावर तळवा पसरतो. पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं त्याच्या शेजारचं असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. रुंदीही घ्या: चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी, अंगठ्याच्या मुळाच्या हाडापासून करंगळीच्या मुळाच्या हाडापर्यंत.

लांबीत १० ते १२ मिलिमीटर मिळवा. पाय २३.२ सेंटीमीटर असेल तर बूट आतून साधारण २४.२ ते २४.४ हवा. "वाढता पाय आहे" म्हणून दोन नंबर मोठा घेणं ही आपली जुनी खोड. एक ब्रिटिश नंबर म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर, दोन म्हणजे १७. वर नेहमीची जागा धरली तर बोटांपुढे जवळजवळ तीन सेंटीमीटर पोकळी. त्यात बूट चवड्याखाली वाकतच नाही, पुढे मोकळ्या भागात वाकतो. पाय प्रत्येक पावलाला पुढे घसरतो आणि मूल बोटं आकसून बूट धरून ठेवायला लागतं. टाचेला फोड येतो तो यातूनच.

नंबरांचा घोळ तर विचारू नका. आपल्याकडे दुकानात बोलतात तो बहुधा यूके नंबर, पण नाइकीचा यूके ६ म्हणजे युरो ४० आणि २५ सेंटीमीटर, तर आदिदासचा यूके ६ म्हणजे युरो ३९ १/३ आणि २४.५ सेंटीमीटर. एकाच नंबरात पाच मिलिमीटरचा फरक. म्हणून "माझा सहा आहे" हे वाक्य सोडून द्या आणि बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलवर सेंटीमीटर किंवा जेपी (जपानी माप) लिहिलेला आकडा बघा. त्यातही साच्यासाच्यात फरक आहेच. कॉन्व्हर्सचा चक टेलर आणि एअर फोर्स वन अर्धा नंबर मोठे बसतात. चक टेलर वर अरुंदही आहे, आणि सांबाही. रुंद चवड्याच्या मुलाला सांबामध्ये करंगळी हमखास दाबते. त्याला न्यू बॅलन्सचा रुंद साचा मिळाला तर बघा, नाहीतर एअर फोर्ससारखा पुढून ऐसपैस आकार बरा.

दुकानात

अंगठ्याने बुटाचं टोक दाबून "बोट लागतंय का?" बघणं सगळेच करतात, पण दाबलं की मूल बोट आत ओढून घेतं आणि जागा आहे असं वाटतं. त्यापेक्षा इनसोल, म्हणजे बुटातली तळाची गादी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मुलाला त्यावर उभं करा. टाच मागच्या कडेला, वजन पूर्ण. पुढे तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा दिसली पाहिजे, आणि करंगळीची बाजू इनसोलच्या कडेबाहेर सांडता कामा नये. इनसोल चिकटवलेला असेल तर कागदावर घेतलेल्या मापात वरचे १०-१२ मिलिमीटर मिळवून तेवढी पुठ्ठ्याची पट्टी कापून न्या आणि बुटात सरकवा. पट्टी वाकली तर पुढचा नंबर.

इनसोल निघालाच आहे तर आत डोकवा. एअर फोर्ससारख्या जाड सोलच्या बुटांत सोलच्या कडेने बाहेरून शिवण दिसते. ती खरी असेल तर आतही तळाच्या कडेने दोऱ्याचे टाके दिसतात. आत काहीच नसेल तर बाहेरची शिवण निव्वळ नक्षी आहे आणि सगळा भार पेस्टिंगवर, म्हणजे चिकटवण्यावर आहे. अशी जोडी वाईटच असते असं नाही, पण पहिल्या पावसाळ्यात पुढच्या टोकाला तोंड उघडणार हे धरून चाला. त्याआधीच मोच्याकडून सोलला कडेने शिवण मारून घ्या. शे-दीडशे रुपयांचं काम आहे, पण सोल उघडून आत माती गेल्यावर ते नीट होत नाही.

टाचेचा मागचा भाग दोन बोटांनी दाबा. तो कडक हवा, कागदासारखा दबू नये. बूट वाकवून बघा: चवड्याशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. सोलच्या रबरात नख रोवा. किंचित रुतलं तर पकड बरी. काचेसारखं कडक लागलं तर तो स्वस्त पीव्हीसी असण्याची शक्यता जास्त, आणि ओल्या कोटा फरशीवर किंवा मॉलच्या टाइल्सवर तो हमखास घसरतो.

मग दोन्ही पायांत घालून, लेस नीट बांधून, दुकानात दहा मिनिटं फिरवा. "बसतो का?" विचारण्यात अर्थ नाही. हवा असलेला बूट पायात असताना मुलं सर्रास खोटं बोलतात, दुखत असलं तरी "मस्त" म्हणतात. दहा मिनिटांनी मोजे काढून पाय बघा. करंगळीच्या बाहेर, अंगठ्याच्या नखाशेजारी, टाचेच्या वर लाल वळ उठला असेल तर तो बूट परत कपाटात. "घालून घालून सैल होईल" हे कातड्याच्या बाबतीत थोडंफार खरं आहे, आणि तेही रुंदीपुरतं. लांबी कधीच सुटत नाही. रेक्झिनचा अप्पर तर रुंदीतही फारसा देत नाही. कुरूप आणि नखुरडं या वयात होण्याचं मोठं कारण हेच.

आणखी एक. सांबा, कॉन्व्हर्स, व्हॅन्स हे चपट्या, पातळ सोलचे. दिसायला छान, पण आठ ते चौदा वयात टाचेच्या हाडाची वाढीची जागा अजून जुळलेली नसते आणि धावण्या-उड्या मारण्याने तिथे दुखणं सुरू होतं. असे शूज घालून रोज क्रिकेट-फुटबॉल खेळणाऱ्या मुलाची टाच दुखायला लागली तर खेळायला वेगळे, मागून गादी असलेले शूज द्या. डेकॅथलॉनमध्ये हजार-दीड हजारांत बरे मिळतात, फक्त तिथला नंबर युरोपीय आहे की यूके, हे बघून घ्या. दुखणं आठवडाभरात कमी झालं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

ओरिजिनल, देशी आणि फर्स्ट कॉपी

ओरिजिनल घ्यायचे ठरले तर मोठ्यांच्या विभागात जाण्याआधी ज्युनिअर विभाग बघा. नाइकीत मोठ्या मुलांचा नंबर अमेरिकी ७ वाय म्हणजे यूके ६, युरो ४० पर्यंत जातो, आणि मुलांचा ७ वाय व पुरुषांचा ७ यांची लांबी एकच. तेच मॉडेल ज्युनिअरमध्ये बहुधा हजार-दीड हजारांनी कमी असतं. आतली गादी कधी साधी असते, रंग थोडे कमी असतात, पण बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. यूके ५ घालणाऱ्या मुलाला पुरुषांची जोडी घेणं म्हणजे पैसे उधळणं. मुलींसाठी उलटा मार्ग खुला: नाइकीत महिलांचा अमेरिकी नंबर ज्युनिअर नंबरापेक्षा दीडने जास्त असतो, म्हणजे महिलांचा साडेसहा हा ज्युनिअरचा पाच. महिलांमध्ये आवडलेलं मॉडेल ज्युनिअर विभागात त्याच रंगात असेल तर तेच घ्यावं.

देशी ब्रँडमध्ये रेड टेप, कॅम्पस, स्पार्क्स, आणि मूळचा परदेशी असला तरी इथे रुळलेल्या बाटाचा नॉर्थ स्टार यांच्याकडे वर सांगितलेले जवळजवळ सगळे आकार मिळतात. स्वतःचा लोगो असलेला, फक्त आकार तसा असलेला बूट ही सरळ गोष्ट आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे १८ टक्के, त्यामुळे ही रेघ ओलांडली की किंमत एकदम उडी मारते. शोध रेघेच्या अलीकडेच ठेवा. अडीच आणि तीन हजारांच्या मध्ये अडकलेल्या जोडीत बहुतेक वेळा बूट कमी आणि कर जास्त मिळतो.

राहिली फर्स्ट कॉपी, म्हणजे मोठ्या ब्रँडची लोगोसकट नक्कल. मुंबईचा लिंकिंग रोड असो, पुण्याच्या कॅम्पातली फॅशन स्ट्रीट असो, की इन्स्टाग्रामवरचं "मास्टर क्वालिटी, सेव्हन ए, विथ बॉक्स". बाराशेपासून तीन हजारांपर्यंत भाव असतो. माझं मत स्पष्ट आहे: घोळक्यात सामावून जायला बूट हवा असेल तर सगळ्यात वाईट पर्याय हाच. सातवीतल्या पोरांना कॉपी ओळखता येते, आणि ओळखली की साध्या ब्रँडला कोणी हसणार नाही इतकं हिला हसतात. घसरणारा सोल, कागदासारखा इनसोल, छापलेल्या नंबरापेक्षा वेगळा साचा आणि परत घेणारं कोणी नाही, हे पुन्हा वेगळंच. चोर ते चोर वर शिरजोर म्हणजे "ओरिजिनल आहे, एक्स्पोर्ट सरप्लस" म्हणून विकणारा.

ऑनलाइन घेताना फसायचं नसेल तर विकणाऱ्याचं नाव वाचा. मोठ्या साइटवर असलं म्हणजे माल ब्रँडकडूनच आला असं नाही. घरी आल्यावर जिभेच्या लेबलवरचा आणि बॉक्सवरचा कोड जुळवा. नाइकीचा कोड सहा अक्षर-आकड्यांचा, मग आडवी रेघ, मग रंगाचे तीन आकडे. मुख्य रंग पांढरा असेल तर या तिन्हीतला पहिला १ असतो, काळा असेल तर ०. काळ्या बुटावर १ने सुरू होणारा कोड दिसला तर माल संशयास्पद. आदिदासमध्ये डाव्या आणि उजव्या लेबलवरचा छोटा अनुक्रमांक वेगवेगळा असतो. दोन्हीवर एकच असेल तर कॉपी समजा. दोन नंबर मागवून एक परत करायचा असेल तर घरात चादरीवर घालून बघा, टॅग कापू नका, आणि बॉक्सवर थेट कुरियरची चिकटपट्टी लावू नका. नेमक्या या कारणाने परत न घेणारे पुष्कळ आहेत.

बॉक्सवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते सेलमध्ये तर बघाच. पीयू (पॉलियुरेथेन) सोल हवेतला ओलावा शोषत राहतो आणि न वापरतासुद्धा आतून कुजतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लवकर. चार-पाच वर्षं गोदामात पडलेली जोडी सत्तर टक्के सूट देऊन मिळते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सोल बिस्किटासारखा तुकडे होऊन पडतो.

क्रॉक्सबद्दल थोडक्यात, कारण क्लासला सध्या तेच जास्त दिसतात. अर्धे नंबर नसतात, मध्ये आलात तर मोठा घ्या. उन्हात, बंद गाडीत ठेवले की आखडतात आणि पुन्हा पूर्वीसारखे होत नाहीत. सरकत्या जिन्यावर मऊ कड कडेच्या फटीत अडकते, तिथे पाय मधोमध ठेवायला मुलाला शिकवा. भोकांत लावायच्या जिबिट्झवर मात्र मूळ बुटाइतके पैसे घालवण्यात शहाणपण नाही.

घेतल्यावर

लेस सैल सोडून टोकं आत खोचायची फॅशन आहे. वर्गात चालेल, पण चालताना टाच उचलली जाते. मध्यम मार्ग असा: खालची भोकं सैल ठेवा, पण वरच्या दोन भोकांच्या मध्ये त्याच बाजूला लेसचा छोटा फास करा, समोरची लेस त्यातून ओवून ओढा. टाच जागेवर बसते आणि वरून सैलच दिसतं. वेगळ्या रंगाची लेस हा तर शंभर रुपयांत बूट बदलल्याचा आव आणण्याचा उपाय. भोकांच्या सहा जोड्या असतील तर १२० सेंटीमीटर, आठ असतील तर १४० च्या आसपास घ्या. मोज्यांकडेही बघा. सध्या घोट्यावर येणारे जाड पांढरे मोजे चालतात, आणि पातळ गणवेशाच्या मोज्यांवर कितीही भारी बूट फिका पडतो.

पांढरे शूज पिवळे पडतात ते बहुतेक आपल्या धुण्यानेच. साबण पूर्ण निघत नाही आणि वर कडक ऊन. ब्लीचने तर सिंथेटिक आणखी पिवळं होतं. कोमट पाण्यात थोडं सौम्य द्रावण, मऊ ब्रश, नंतर नुसत्या ओल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसणं, आणि सावलीत पंख्याखाली वाळवणं. आत छापील वर्तमानपत्र कोंबू नका, शाई अस्तरावर उतरते. कोरा कागद किंवा जुना टॉवेल घ्या. वॉशिंग मशीनमध्ये पेस्टिंग सुटतं. सुएडला पाणी लावूच नका. कोरड्या ब्रशने एकाच दिशेने झाडा, डाग खोडरबराने घासा. जून ते सप्टेंबर सुएडची जोडी घरातच राहू द्या, म्हणून घ्यायचीच तर दसऱ्याच्या सुमारास घ्या. जूनमध्ये शाळेच्या खरेदीत उरकून टाकलीत तर पहिले चार महिने बॉक्समध्येच जातात, आणि तोवर पाय अर्धा नंबर पुढे गेलेला असतो.

लहान झालेली जोडी धाकट्याला देण्याआधी इनसोल काढून उजेडात बघा. मोठ्याच्या बोटांचे खड्डे खोल उमटले असतील तर नवा इनसोल टाका, बाजारात शे-दोनशेत मिळतो. मग बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कलली असेल तर इनसोल बदलूनही उपयोग नाही, ती जोडी देऊ नका.